न ऐकलेल्यांचे तारण : गोदावरीच्या खोऱ्यात उभा राहिलेला एक धर्मप्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामाच्या राज्यातील जालना येथे स्कॉटिश मिशनचे केंद्र उभे राहिले, तेव्हा त्या मिशनच्या मातृसंस्थेच्या अधिकृत सिद्धांतानुसार भोवतालचा सारा मुलूख अंधारात होता. ज्याने ख्रिस्ताचे नाव ऐकले नाही, तो कितीही सदाचरणी असला तरी त्याचे तारण, म्हणजे पापापासून आणि पापाच्या चिरंतन शिक्षेपासून सुटका, होणार नाही, असे हा सिद्धांत सांगत असे. पण देवाविषयीचे बोलणे न ऐकलेला असा हा मुलूख नव्हता. जालन्याच्या आग्नेयेला, आजच्या परभणी जिल्ह्यात, गोदाकाठी संत जनाबाईंचे गंगाखेड आहे. 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यातच असलेल्या हिंगोली भागात नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी आणि विसोबा खेचरांच्या स्मृतीशी जोडलेले औंढा नागनाथ आहे. पाचशेहून अधिक वर्षे ज्या खोऱ्यात दळताकांडताना मोक्षाची भाषा बोलली जात होती, तेथे परक्या देशातून आलेला तारणाचा निरोप पोहोचला आणि एक अटळ प्रश्न उभा राहिला: हा निरोप येण्यापूर्वी जे मेले, त्यांचे काय झाले? मराठी मुलखात हा प्रश्न कसा विचारला गेला, त्याने बोस्टन आणि एडिंबरोपर्यंतच्या धर्मसंस्थांना कसे हलवले आणि अखेरीस मराठवाड्यात त्याचे काय झाले, हा इतिहास मराठी वाचकाला फारसा परिचित नाही.

या प्रश्नाची मुळे युरोपातील धर्मविचारात आहेत. प्रॉटेस्टंट पंथांपैकी जॉन कॅल्व्हिनच्या परंपरेतील मंडळ्या, म्हणजे स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन आणि अमेरिकेचे काँग्रिगेशनल, मिशनकार्यात अग्रेसर होत्या. स्कॉटिश मंडळीचा अधिकृत सिद्धांत वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकारात, म्हणजे 1646 मध्ये लंडनला पूर्ण झालेल्या धर्ममतांच्या संहितेत, ग्रथित झाला होता. तिच्या दहाव्या प्रकरणात असे प्रतिपादन आहे की, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार न करणारी माणसे निसर्गाच्या प्रकाशात किंवा आपल्या धर्माच्या नियमांनुसार कितीही काळजीपूर्वक जगली, तरी त्यांना तारण मिळू शकत नाही. या कठोर विधानाची दुसरी बाजू अशी की, ते गांभीर्याने घेणाऱ्या माणसाला घरी स्वस्थ बसता येत नसे. शेजारी आगीत सापडला आहे असे ज्याला मनापासून वाटते तो धावत जातो, आणि मिशनरी चळवळीच्या आरंभीच्या पिढीतील तळमळ समजून घ्यायची असेल तर ही भावना खरी होती हे मान्य करावे लागते. तिच्यात साम्राज्याचा अहंकार मिसळलेला होता हेही खरे, पण केवळ अहंकारापोटी माणसे कॉलऱ्याच्या गावी मरायला जात नाहीत.

असे मरण आलेल्यांपैकी एक गॉर्डन हॉल होते. अमेरिकन बोर्ड या बोस्टनच्या संस्थेने पाठवलेले हॉल आणि सॅम्युअल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत पोहोचले आणि तेथून अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. हॉल यांनी सहकारी सॅम्युअल न्यूएल यांच्यासह लिहिलेले, जगाच्या धर्मांतराविषयीचे आवाहन 1818 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. साठ कोटी माणसांपर्यंत सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताविषयीचा शुभसंदेश, पोहोचलेली नाही आणि ती पोहोचवण्याचे ऋण ख्रिस्ती मंडळीवर आहे, असा त्या पुस्तकाचा गाभा होता. न पोहोचलेल्या जगाची आकड्यांत मोजदाद करण्याची जी पद्धत पुढे मिशनरी साहित्यात रूढ झाली, तिच्या आरंभीच्या ग्रंथांपैकी एक मुंबईतील अनुभवातून निघाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. न्यूएल 1821 मध्ये आणि हॉल 1826 मध्ये, नाशिककडील प्रवासात, कॉलऱ्याने गेले. त्यांच्या मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला ठाणे उघडले.

दरम्यान स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले होते. शास्त्री-पंडितांशी जाहीर वादविवाद, मराठी ग्रंथलेखन आणि इंग्रजी शाळा या तिन्ही मार्गांनी त्यांनी काम केले. आजचे विल्सन महाविद्यालय हा त्याच शाळेचा विस्तार. याच वर्तुळात नारायण शेषाद्री हा ब्राह्मण विद्यार्थी ख्रिस्ती झाला. 1843 मध्ये रॉबर्ट नेस्बिट यांच्या हस्ते त्याचा बाप्तिस्मा, म्हणजे जलसंस्काराने होणारा मंडळीतील प्रवेश, झाला. त्याचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या आश्रयाला जाऊन राहिला, तेव्हा वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांच्यापुढे प्रकरण आले आणि मुलगा अज्ञान असल्याने त्याचा ताबा वडिलांना देण्यात आला. पण श्रीपत ख्रिस्ती लोकांच्या पंगतीला जेवला होता, त्यामुळे त्याला जातीत परत घ्यायचे की नाही, यावर मुंबईत मोठे वादळ उठले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, असा पक्ष घेतला आणि सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला.

हे प्रकरण बहुधा न्यायालयाचा निकाल आणि शुद्धीचा वाद एवढ्यापुरतेच सांगितले जाते. त्यातील धार्मिक पेच त्याहून खोल आहे. ज्या सिद्धांताच्या आधारे नारायण नव्या मंडळीत गेला, त्या सिद्धांतानुसार त्याचे पूर्वज तारणाबाहेर होते. आणि ज्या धर्मातून तो बाहेर पडला, त्या धर्मात पितरांना पिंड देण्याचे मुलाचे कर्तव्य त्याने सोडले होते. म्हणजे दोन्ही बाजूंनी मृत पूर्वजांची गतीच पणाला लागलेली होती. मराठी कुटुंबात धर्मांतराने जो आकांत होई, त्यामागे जातीच्या प्रतिष्ठेइतकीच ही भीतीही होती. वर्षश्राद्धाची तिथी पाळणाऱ्या घराला, तुमचे वाडवडील ऐकण्याची संधीच न मिळाल्याने नष्ट झाले, हे सांगणे किती जड जात असेल, याची कल्पना करता येते. जपानमध्ये फ्रान्सिस झेवियर यांना सोळाव्या शतकात हाच अनुभव आला होता. पूर्वजांना नरकातून सोडवता येणार नाही हे कळल्यावर नवख्रिस्ती जपानी माणसे रडत, असे त्यांनी 1552 च्या पत्रात कळवले आहे.

1854 मध्ये नारायण शेषाद्री यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि 1860 च्या दशकात त्यांनी जालन्याला आपले कार्यक्षेत्र केले. निजामाच्या राज्यात मिशनला मोकळा वाव नव्हता, परंतु जालना हे इंग्रजी फौजेच्या छावणीचे गाव असल्याने तेथे शिरकाव सोपा गेला. छावणीभोवतालच्या खेड्यांत फिरताना शेषाद्रींना जो प्रतिसाद मिळाला, तो त्यांच्या स्वतःच्या जातीकडून आला नाही, तर मुख्यतः मांग आणि महार वस्त्यांतून आला. या नवख्रिस्ती कुटुंबांना गावकीच्या जाचातून बाहेर काढायचे तर त्यांना स्वतःची जमीन हवी, हे ओळखून शेषाद्रींनी हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांच्याकडून सवलतीने जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभी केली. घरे, विहिरी, शेती, शाळा आणि प्रार्थनामंदिर असे तिचे स्वरूप होते. एका ब्राह्मण पाळकाने एका मुस्लिम संस्थानाच्या शिया दिवाणाकडून जमीन मिळवून त्यावर अस्पृश्य मानलेल्या माणसांचे ख्रिस्ती गाव वसवावे, ही घटना मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासात अधिक मोठ्या जागेची हक्कदार आहे.

1873 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्स या प्रॉटेस्टंट संघटनेची जागतिक परिषद भरली, तेव्हा पागोटे घातलेले शेषाद्री तेथे बोलले. त्यानंतर अमेरिका आणि ब्रिटनमधील सभांतून त्यांनी बेथेलसाठी साहाय्य मागितले. परदेशातील श्रोत्यांपुढे ते न पोहोचलेल्या लाखोंच्या तारणाविषयी बोलत, पण बेथेलमध्ये आलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने तारणाचा अर्थ केवळ मरणानंतरचा नव्हता. विहिरीवर हक्काने पाणी भरता येणे, मुलाला अक्षर येणे, वेठीला नाही म्हणता येणे, याही गोष्टी त्यात होत्या. मिशनच्या टीकाकारांनी अशा लोकांना पोटासाठी ख्रिस्ती झालेले म्हणून हिणवले. ही टीका अन्यायाची आहे, कारण ज्याला मंदिराच्या पायरीवरही उभे राहू दिले जात नव्हते, त्याने देव आणि माणुसकी यांचा शोध एकाच दारात घेतला तर त्यातील कोणता भाग शुद्ध आणि कोणता अशुद्ध, हे ठरवण्याचा अधिकार त्याला बाहेर ठेवणाऱ्यांना पोहोचत नाही.

पूर्वजांच्या गतीचा प्रश्न जाहीरपणे फुटला तो मात्र जालन्याला नाही, अहमदनगरच्या मिशनमधून. रॉबर्ट ॲलन ह्यूम हे 1847 मध्ये मुंबईतच, मिशनरी घराण्यात जन्मले, येल विद्यापीठात शिकले आणि 1874 मध्ये नगरला कामास आले. 1876-77 चा भीषण दुष्काळ त्यांनी पाहिला आणि 1878 मध्ये मराठी पाळक तयार करणारी धर्मशिक्षणाची शाळा सुरू केली. खेड्यांतील माणसांशी त्यांच्या भाषेत बोलणाऱ्या या गृहस्थाला, ज्यांनी ऐकलेच नाही त्यांना न ऐकल्याबद्दल चिरंतन शिक्षा होते असे सांगणे, ही देवाच्या न्यायाविषयीच शंका उत्पन्न करणारी गोष्ट वाटू लागली.

त्याच सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतातल्या अँडोव्हर धर्मविद्यालयातील प्राध्यापकांनी एक मत मांडले होते, त्याला मरणोत्तर संधीचे मत म्हणता येईल. तारण ख्रिस्ताद्वारेच आहे हे मान्य करून ते असे म्हणत की, न्यायी देव कोणाचाही अंतिम निवाडा ख्रिस्ताची ओळख झाल्याशिवाय करणार नाही. म्हणून ज्यांना या जन्मी ती ओळख झाली नाही त्यांना मृत्यूनंतर आणि अंतिम न्यायापूर्वी ती होईल, अशी आशा धरण्यास जागा आहे. यासाठी ते पेत्राच्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायाचा आधार देत. ख्रिस्ताने बंदीत असलेल्या आत्म्यांना घोषणा केली, असा तेथे उल्लेख आहे. मताला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे साधे आणि जोरकस होते: मेल्यावरही संधी मिळणार असेल, तर तरुणांनी घरदार सोडून नगर-मुंबईच्या उन्हात मरायला का जावे? मिशनकार्याची निकड ज्या पायावर उभी आहे तोच या मताने खचतो, असे अमेरिकन बोर्डाचे सचिव एडमंड आल्डन यांना वाटत होते आणि त्यांच्या धोरणामुळे अशा मताच्या उमेदवारांना परदेशी पाठवणे बंद झाले.

1886 मध्ये रजेवर मायदेशी गेलेल्या ह्यूम यांनी अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या भोजनप्रसंगी या मताविषयी सहानुभूतीने भाषण केले आणि मिशनऱ्याच्या कामाला त्याने अडथळा होण्याऐवजी मदतच होते, अशी भूमिका घेतली. ते भाषण वर्तमानपत्रांतून गाजले आणि बारा वर्षे काम केलेल्या, मराठी मातृभाषेसारखी बोलणाऱ्या या मिशनऱ्याला हिंदुस्थानात परत पाठवावे की नाही, याचाच प्रश्न उभा राहिला. ऑक्टोबर 1886 मध्ये आयोवा प्रांतातील डे मॉइन शहरी बोर्डाची वार्षिक सभा झाली. तेथे तासन्तास चाललेल्या वादात न ऐकलेल्या हिंदूंच्या परलोकाविषयी अमेरिकेचे धर्मपुढारी दोन तट करून भांडले आणि नव्या मताबाबत सावध राहण्याच्या धोरणाला बहुमताचा पाठिंबा मिळाला. ज्यांच्याविषयी हा वाद होता त्यांपैकी कोणी सभागृहात नव्हते. तरीही 1887 मध्ये ह्यूम यांना नगरला परत जाण्याची मुभा मिळाली. याच कारणावरून नाकारलेल्या विल्यम नॉइस या उमेदवाराला बोस्टनच्या एका मंडळीने स्वतंत्रपणे जपानला पाठवले. 1893 मध्ये बोर्डाने धोरण बदलून त्याला आपल्या सेवेत सामावून घेतले आणि आल्डन पदावरून दूर झाले.

स्कॉटलंडमध्येही गोठलेले पाणी हलू लागले होते. युनायटेड प्रेस्बिटेरियन मंडळीने 1879 मध्ये आणि शेषाद्री ज्या फ्री चर्चचे होते तिने 1892 मध्ये, वेस्टमिन्स्टरच्या संहितेचा अर्थ सैल करणारे स्पष्टीकरण अधिकृतपणे संमत केले. सुवार्ता पाठवणे हे मंडळीचे स्पष्ट कर्तव्य आहे, परंतु या साधनांच्या पलीकडे असलेल्यांवर देव ख्रिस्तासाठी दया करू शकणार नाही, असे मंडळी शिकवत नाही, हा त्याचा आशय होता. शेषाद्री 1891 मध्ये निवर्तले. ज्या तरुणाने पूर्वजांना तारणाबाहेर ठेवणारा सिद्धांत पत्करून बाप्तिस्मा घेतला, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरात त्याच्याच मंडळीने तो सिद्धांत सक्तीचा राहू दिला नाही.

मात्र मंडळ्यांच्या ठरावांनी जे उत्तर दिले, त्याहून जिवंत उत्तर नगरच्या एका मराठी कवीने दिले. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. त्यापूर्वीचा आणि नंतरचा घरातला कल्लोळ पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी वाचकाच्या मनात कायमचा राहिला आहे. टिळकांनी पुढे नगरला ह्यूम यांच्या वर्तुळातच अध्यापन आणि लेखन केले. तुकारामांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. हे सांगणे वरवर गोड वाटते, परंतु जुन्या सिद्धांतापुढे ठेवल्यास त्याची धार कळते: ज्याच्या शब्दांनी मला ख्रिस्तापर्यंत आणले तो स्वतः नष्ट झाला, असे म्हणणे टिळकांना शक्यच नव्हते. यहुदी लोकांना जसा जुना करार, तशी महाराष्ट्राला संतपरंपरा, अशी त्यांची दृष्टी होती आणि म्हणूनच त्यांच्या ख्रिस्ती भक्तिगीतांत अभंग-ओवीचे वळण आहे. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, अशी कल्पना होती. दोन वर्षांनी, 9 मे 1919 रोजी, ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. तरीही मंडळीची सीमा आणि तारणाची सीमा एकच असलीच पाहिजे असे नाही, हे मराठीत इतक्या उघडपणे दुसऱ्या कोणी मांडले नव्हते.

सर्वच मराठी ख्रिस्ती टिळकांच्या बाजूचे नव्हते. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाई यांनी मिशनऱ्यांच्या मध्यस्थीला अनेकदा विरोध केला, पण सुवार्तेची निकड त्यांनी कधी सैल केली नाही. केडगावच्या मुक्ती सदनात 1905 मध्ये आध्यात्मिक जागृतीची लाट आली, त्यानंतर तेथील स्त्रियांचे गट प्रचारासाठी खेडोपाडी जात. त्याहून वेगळे उत्तर जोतीराव फुले यांचे होते. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या फुल्यांनी, 1891 मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त, एकाच घरातील माणसांनी वेगवेगळे धर्म पाळून गुण्यागोविंदाने नांदावे अशी कल्पना मांडली आणि निर्मिकाला, म्हणजे सृष्टिकर्त्याला, एखाद्याच ग्रंथाच्या वाचकांपुरता मर्यादित करण्यास नकार दिला.

या साऱ्याचा परिणाम जगभरच्या मिशनविचारावर झाला. 1910 च्या एडिंबरो परिषदेतील एका आयोगाने इतर धर्मांविषयी मिशनऱ्यांकडून लेखी उत्तरे मागवली आणि त्यांतून आदराचा सूर उमटला. जे. एन. फार्क्वार यांनी 1913 च्या ग्रंथात हिंदू धर्माच्या आकांक्षांची पूर्तता ख्रिस्तात होते, असा सिद्धांत मांडला. निकोल मॅक्निकोल या स्कॉटिश मिशनऱ्याने 1919 मध्ये मराठी संतांच्या अभंगांचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले, ज्यात जनाबाई आणि नामदेवही होते. पूर्ततेचा हा सिद्धांत उदार दिसला तरी त्यात संतांना दुसऱ्या कोणाची तरी पूर्वतयारी ठरवले जाते, हा त्यातील उणेपणा आहे. रोमन कॅथलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1964 मध्ये, स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही आणि जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात त्यांना तारण मिळू शकते, असे जाहीर केले. उलट 1974 च्या लोझान परिषदेपासून इव्हँजेलिकल प्रवाहात न पोहोचलेल्या जनसमूहांची मोजणी पुन्हा जोमाने सुरू झाली.

मराठवाड्यात मात्र निर्णायक वळण यापूर्वीच, वेगळ्याच दिशेने, आले होते. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा अनेक मिशनरी संस्थांना मोठी आशा वाटली होती. आंबेडकरांनी ख्रिस्ती दलितांच्या स्थितीचा कसून विचार केला आणि मिशनने आत्म्याच्या तारणावर भर देताना धर्मांतरितांवरील सामाजिक अन्यायाविरुद्ध पुरेसा लढा उभारला नाही, असा निष्कर्ष काढला. 1948 मध्ये निजामाचे राज्य भारतात विलीन झाले, 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले आणि 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या दीक्षेनंतर परभणी-जालन्याच्या वस्त्यांतील महार समाज मोठ्या संख्येने बौद्ध झाला. मांग, म्हणजे मातंग, समाज बहुतांशी हिंदूच राहिला आणि ख्रिस्ती मंडळी लहानच राहिल्या. शेषाद्रींनी ज्या वस्त्यांत तारणाचा निरोप नेला होता, त्यांपैकी महार वस्त्यांतील बहुसंख्य माणसांनी अखेर असा धम्म निवडला, ज्याच्या संस्थापकाला आंबेडकरांनी 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मोक्षदाता न म्हणता मार्गदाता म्हटले.